ऑलमोस्ट आलोच

मुलुंडचा माणूस फोनवर ‘ऑलमोस्ट पोचलो’ म्हणाला, की मी चहा टाकत नाही. त्याच्यामागे कुकरची शिट्टी ऐकू येत असते. बोरिवलीकराचं ‘ऑलमोस्ट’ म्हणजे आंघोळ उरकलीय, एवढंच. घाटकोपरकर त्यातल्या त्यात खरा, पण तोही नाइलाजाने. २०१४ साली वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली आणि बिचाऱ्याची गोची झाली. साडेअकरा किलोमीटरही नाही, १२ स्टेशनं, वीस-बावीस मिनिटांचा खेळ. तेवढ्यात माणूस थापा मारून मारून किती मारणार?

‘गाडी ऑलमोस्ट चुकली’ असं सांगणारा साहेब गाडीत बसलेला असतो. आपला माणूस ‘ऑलमोस्ट मिळालीच होती हो’ म्हणतो, तेव्हा तो फलाटावर घाम पुसत उभा असतो. शब्द तोच, फक्त डबा सुटलेला.

कामाच्या बाबतीत तर विचारूच नका. आमच्याकडचा प्लंबर भर दुपारी ‘काका, ऑलमोस्ट झालं’ म्हणून निघाला. सिंकखालचा पाइप लोंबकळत होता, त्याखाली आमची कणीक मळायची परात आणि परातीत त्याचा पाना. ‘पाना ठेवून गेलाय म्हणजे येणार नक्की,’ ही म्हणाली. आला, दुसऱ्या दिवशी. दुसरा पाना घेऊन.

पण अंधेरीसारखं ‘ऑलमोस्ट’ जगात झालं नसेल. नोव्हेंबर २०२२मध्ये बंद केलेल्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४मध्ये खुली झाली. बघतो तर काय, शेजारचा बर्फीवाला पूल त्याला भेटायला आलेला, पण दीड-दोन मीटर खालीच राहिलेला! पत्रिका जुळली, मुहूर्त साधला आणि नवरी तळमजल्यावर. मग जॅक लावून बर्फीवाला पुलाचं टोक वर उचललं आणि जुलैत एकदाचे दोघे जोडले गेले. तोवर उपनगरांतल्या यच्चयावत लोकांना आपण पूल-बांधणीतले तज्ज्ञ आहोत, हा शोध लागला होता.

एवढं होऊनही मी ‘ऑलमोस्ट’च्या बाजूने आहे. इंग्रजीने मराठी नासवली, असा गळा काढणाऱ्यांनी आपलं ‘आलोच!’ एकदा नीट ऐकावं. माणूस घरात, चप्पल सापडत नाहीये, क्रियापद मात्र खुशाल भूतकाळात, आणि वर ‘च’ची शपथ. ‘निघालोच’, ‘झालंच’, ‘हा बघा, पोचलोच’. ही लोणकढी आपली घरची आहे, तिला साहेबाने हात लावलेला नाही. उलट ‘ऑलमोस्ट आलोच’ म्हटलं, की त्या वाक्यात निदान एक शब्द तरी खरा बोलतो.

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीची पुनर्विकासाची सभा झाली. सेक्रेटरी उभे राहिले, ‘ऑलमोस्ट सगळे तयार आहेत.’ आता ५१ टक्के संमती पुरते, त्यामुळे ‘ऑलमोस्ट सगळे’ म्हणजे निम्म्याहून जरासे जास्त, हे मी मनात मांडून घेतलं आणि निवांत वेफर्स खात बसलो. तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजींनी बिल्डरच्या माणसाला विचारलं, ‘बाळ, नव्या घराचा ताबा कधी?’

तो गोड हसला. ‘आजी, मिळालाच समजा.’

‘ऑलमोस्ट’ नव्हतं हो त्यात! माझा वेफर घशातच अडकला.