फाइल उडाली

संगणकावरचा मजकूर नाहीसा झाला की मराठी कार्यालयांत ‘फाइल उडाली’ असे म्हणतात. हे क्रियापद अकर्मक आहे. उडणारी फाइल, उडण्याची क्रियाही तिचीच. वाक्यात तिसरे कोणी नाही. ‘मी फाइल उडवली’ हा सकर्मक प्रयोग व्याकरणाला मान्य असला तरी कार्यालयीन मराठीत त्याची नोंद नाही.

या एका शब्दाखाली निदान पाच वेगळे अपघात झाकले जातात. फाइल कधी सेव्हच झालेली नसते, सेव्ह होऊन सापडत नसते, तिच्या जागी दुसरीच सेव्ह झालेली असते, कोणीतरी तिला डिलीट केलेले असते किंवा ती आहे तिथेच असते पण उघडत नाही. प्रत्येकाचा इलाज निराळा. कार्यालयात मात्र पाचही दुखण्यांवर पहिला इलाज एकच होतो: संगणक बंद करून पुन्हा चालू करणे.

सेव्ह न झालेल्या फायलीचा मजकूर रॅममध्ये असतो आणि रॅमची स्मरणशक्ती वीज असेपर्यंतच टिकते. वीज गेल्यावर पाच-दहा मिनिटे हाताशी राहावीत म्हणून टेबलाखाली यूपीएस ठेवलेला असतो. त्याची बॅटरी तीन ते पाच वर्षांत दमते. नवी बॅटरी घेण्याचा प्रस्ताव त्याच संगणकावर टाइप होत असताना वीज जाते, प्रस्ताव उडतो आणि जुनी बॅटरी आणखी एक आर्थिक वर्ष सेवेत राहते. तरीही सगळे विजेवर ढकलणे अन्यायाचे होईल. पुष्कळ फायली वीज असताना, संध्याकाळी, माणसाच्या हातून जातात. वर्ड बंद करताना विचारते: सेव्ह, डोन्ट सेव्ह की कॅन्सल? घरी निघालेल्या माणसाला या तिन्हींतून एवढेच समजते की काहीतरी दाबल्याशिवाय खिडकी मिटणार नाही.

यावर वर्डने ऑटोरिकव्हर नावाची सोय केली आहे. सेटिंगला कोणी हात लावला नसेल तर दर १० मिनिटांनी उघड्या फायलीची एक प्रत गुपचूप काढली जाते. याला सेव्ह करणे समजू नये. ही प्रत संकटकाळापुरती असते. फाइल रीतसर सेव्ह करून बंद केली की वर्ड ती स्वतःच पुसून टाकते. संगणक मध्येच बंद पडला, तर पुढच्या वेळी वर्ड उघडताच डावीकडे एक पट्टी येते आणि तिच्यात वाचवलेल्या प्रतींची यादी असते. पडद्यावर न बोलावता आलेली कोणतीही गोष्ट एक तर जाहिरात असते नाहीतर व्हायरस, अशी कार्यालयांतील श्रद्धा असल्याने ही पट्टी तत्काळ बंद केली जाते. मग फाइल उडाल्याची बोंब होते.

२०१० च्या आवृत्तीपासून वर्डने आणखी दया दाखवली. ‘डोन्ट सेव्ह’ दाबले तरी शेवटची आपोआप निघालेली प्रत ते बाजूला ठेवते. फाइल, इन्फो, मॅनेज डॉक्युमेंट या वाटेने गेले की ‘रिकव्हर अनसेव्हड डॉक्युमेंट्स’ असा पर्याय मिळतो. त्यामागचे फोल्डर सी ड्राइव्हवर यूजर्स, स्वतःचे नाव, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट आणि ऑफिस एवढे उंबरे ओलांडल्यावर येते. त्यातला ॲपडेटा हा उंबरा विंडोजने लपवून ठेवलेला असतो. अट अशी, की तोवर निदान एकदा तरी ती आपोआप प्रत निघालेली असावी. फाइल उघडल्यावर आठव्या मिनिटाला मारलेल्या ‘डोन्ट सेव्ह’ला उतारा नाही. आणि ही प्रत राहते चार दिवस.

चार दिवसांची ही मुदत कोणत्या देशाची कार्यालये पाहून ठरली असावी, हा अभ्यासाचा विषय आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सुटण्याची वेळ सव्वासहा झाली. शुक्रवारी सव्वासहाला दोन मिनिटे कमी असताना ‘डोन्ट सेव्ह’ दाबले जाते. शनिवार-रविवार सुटी. सोमवारी फाइल उडाल्याचे ध्यानात येते आणि शुक्रवारी त्या खुर्चीवर कोण बसले होते याची चौकशी सुरू होते. चौकशीअंती शाखेतील सर्वजण त्या वेळी चहाला गेले होते असे निष्पन्न होते. संध्याकाळी देखभालीच्या ठेकेदाराला बोलावण्याची टिप्पणी सादर होते. मंगळवारी तिच्यावर ‘चर्चा करावी’ असा शेरा येतो. मंगळवारीच संध्याकाळी मुदत संपते. बुधवारी इंजिनीअर येतो आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करतो.

दुसरा प्रकार सेव्ह होऊनही न सापडणाऱ्या फायलींचा. फाइल पहिल्यांदा सेव्ह करताना वर्ड मजकुराच्या सुरुवातीचे शब्द नाव म्हणून सुचवते. मराठी कार्यालयीन पत्राची सुरुवात ‘प्रति,’ने होते. परिणामी असंख्य संगणकांवर प्रति, प्रति १, प्रति नवीन, प्रति साहेब, प्रति फायनल आणि प्रति फायनल खरी अशा वंशावळी नांदत असतात. यांतली नेमकी कोणती हवी हे नावावरून ओळखणे अशक्य असते. तारखेप्रमाणे रचना लावून, त्या दिवशी काय काय टाइप झाले ते आठवत बसावे लागते. फायलीला विषयाचे नाव देण्यास कोणत्याही शासन निर्णयाने बंदी केलेली नाही, तरी ती पाळली जाते.

याच वंशातून तिसरा प्रकार जन्मतो. ‘प्रति’ नावाची फाइल आधीच आहे, ती बदलायची का, असे यंत्र विचारते. उत्तर ‘यस’ असते, कारण ‘नो’ म्हटले तर पुन्हा नाव सुचवावे लागते. त्याहून मोठा घात जुन्या पत्रावर नवे पत्र टाइप करण्याच्या प्रथेने होतो. गेल्या वर्षीचे पत्र उघडायचे, जावक क्रमांक आणि दिनांक बदलायचा, मधले दोन परिच्छेद खोडून नवे घालायचे आणि ‘सेव्ह ॲज’ करायचे, असा हा परंपरागत विधी आहे. शेवटची पायरी विसरली की गेल्या वर्षीचे पत्र जाते आणि त्याच्या कुडीत यंदाचे पत्र राहू लागते. वनड्राइव्हवर ठेवलेल्या फायलींना २०१७ पासून ऑटोसेव्ह मिळाले तेव्हा या विधीला वेग आला, कारण तिथे प्रत्येक खाडाखोड लगोलग सेव्ह होते आणि जुने पत्र ‘सेव्ह ॲज’ची वाट पाहत थांबत नाही. सुदैवाने तिथे व्हर्जन हिस्टरी असते आणि आधीची आवृत्ती परत आणता येते. संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर अशी हिस्टरी आपोआप तयार होत नाही. वर्डच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘ऑलवेज क्रिएट बॅकअप कॉपी’ अशी एक चौकट आहे. तिच्यावर खूण केली असेल तर प्रत्येक वेळी आधीची प्रत डब्ल्यूबीके नावाने शेजारी राहते. ही चौकट फाइल उडाल्यानंतरच दिसते.

डिलीट झालेल्या फायलीचे शास्त्र महाराष्ट्रात समजायला सोपे आहे, कारण इथे सातबारा आहे. डिलीट केल्याने जमीन नाहीशी होत नाही. फक्त उताऱ्यावरचे नाव कमी होते. रीसायकल बिनमध्ये तर नावही कमी झालेले नसते, फेरफार नुसता प्रलंबित असतो, आणि ‘रिस्टोअर’ म्हटले की मूळ मालक आपल्या जागी परत येतो. विंडोजमध्ये ही सोय १९९५ पासून आहे. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र साधारणपणे या टोपलीत येत नाही, आणि सामायिक नेटवर्क ड्राइव्हवरचीही नाही. तिथले नाव थेट कमी होते. तरी जमीन तिथेच असते. जुन्या फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर तर नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाते आणि बाकीचे नाव यादीत तसेच पडून असते. मजकूर खरा जातो तो त्या जागेवर दुसऱ्याने पेरणी केल्यावर. म्हणून अशा वेळी त्या ड्राइव्हवर काहीही नवे लिहू नये, हा एकमेव नियम आहे. तो मोडण्याची पद्धत ठरलेली आहे: फाइल परत मिळवून देणारे सॉफ्टवेअर इंटरनेटवरून उतरवून त्याच ड्राइव्हवर बसवले जाते. ते गेलेल्या फायलीच्या छातीवर बसून तिचा शोध घेते.

नव्या संगणकांतल्या एसएसडीवर हा सातबाराचा दाखला लागू पडत नाही. तिथे डिलीट झाल्यावर ट्रिम नावाचा आदेश डिस्कला जातो आणि ती मोकळी जागा स्वतःहून साफ करून ठेवते. अतिक्रमण हटवणारे पथक इतक्या तत्परतेने काम करते याची सवय नसल्याने लोक आशा धरून बसतात.

शेवटचा प्रकार ‘करप्ट’ फायलींचा, आणि मराठीपुरता तो सर्वांत मनोरंजक आहे. डॉक्स प्रकारची फाइल ही मुळात एक झिप गाठोडे असते. गाठ बिघडली तरी आतले सगळे सामान बिघडलेले असतेच असे नाही. तिची एक प्रत काढून, नावाचे शेपूट बदलून झिप केले, की पुष्कळदा मजकूर एका बोचक्यात आणि चित्रे दुसऱ्या बोचक्यात मिळतात. वर्डच्या उघडण्याच्या खिडकीत ‘ओपन अँड रिपेअर’ आहे. तेही हरले तर ‘रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल’ आहे, जे मांडणी, तक्ते, फॉन्ट सारे सोडून फक्त अक्षरे बाहेर ओढते.

इथे मराठी फाइल फसते. युनिकोड येण्यापूर्वीची आणि नंतरचीही असंख्य कागदपत्रे श्रीलिपी, आयएसएम अशा पुण्यात घडलेल्या सॉफ्टवेअरच्या फॉन्टांत टाइप झाली. त्यांत फायलीच्या पोटात रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात. त्यांना देवनागरीचा मुखवटा फॉन्ट चढवतो. फॉन्ट सुटला की ‘मा. जिल्हाधिकारी यांस सविनय सादर’ याच्या जागी स्वल्पविराम, डॉलर आणि कंसांची मिरवणूक दिसते. कार्यालय तिला व्हायरस म्हणते आणि फाइल डिलीट करते. वास्तविक तिच्यातला काना किंवा वेलांटीही हललेली नसते. सारा मजकूर निवडून तोच फॉन्ट पुन्हा लावला की जिल्हाधिकारी जागेवर येतात.

हे सर्व उपाय माहीत असलेला एक तरी माणूस शाखेत असतो आणि त्याची बदली झालेली असते. त्यामुळे व्यवहारात फायली दुसऱ्याच मार्गाने परत येतात. सही झालेल्या पत्राची स्थळप्रत कपाटात सापडते आणि ती समोर ठेवून सगळे पुन्हा टाइप केले जाते. किंवा तेच पत्र कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलेले असते, वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि सुप्रभातच्या फुलांच्या मध्ये. माहिती तंत्रज्ञानावर झालेल्या एकूण खर्चात या पुन्हा टाइप करण्याचा खर्च धरलेला नसतो.

परत आणण्याची घाई कोणालाच नसते अशा फायलींचाही एक वर्ग आहे. त्या बहुधा माहितीचा अर्ज आल्यावर उडतात. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये दिली आहेत. त्यांत ‘फाइल उडाली’ हे कारण नाही. उत्तर देण्याची मुदत मात्र सर्वसाधारणपणे ३० दिवसांची आहे, म्हणजे वर्डच्या मुदतीपेक्षा २६ दिवस जास्त.

फाइल सापडते तेव्हा व्याकरण बदलते. ‘सापडली’ हेही अकर्मक क्रियापदच, पण ते फार वेळ टिकत नाही. दुपारच्या चहापर्यंत ‘मी काढून दिली’ असे शाखेतील तिघेजण स्वतंत्रपणे सांगू लागतात, आणि संध्याकाळच्या बैठकीत साहेब सांगतात की ती त्यांनी शोधली.