फावल्या वेळातले अध्यापन

सरकारी शाळेतला शिक्षक हा राज्यशासनाचा सर्वांत बहुगुणी कर्मचारी होय. इतर खात्यांचे लोक दौऱ्यावर असतात, बैठकीला असतात, किंवा नुसतेच नसतात. शिक्षक मात्र हजेरीपटावर सही करून ठराविक जागी सापडतो. त्याला लिहिता-वाचता येते, अक्षर बरे असते, मोबाइल तो स्वतःच्या पैशाने घेतो आणि त्याचे रिचार्जही स्वतःच मारतो. एका पगारात इतके मिळत असताना त्याला नुसते शिकवायला लावणे म्हणजे जनतेच्या पैशाची उधळपट्टी, याविषयी सर्व पक्षांच्या सरकारांचे एकमत आहे.

कायदा याच्या आड येतो असा एक समज आहे. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार शिक्षकाला शिक्षणेतर कामाला जुंपता येत नाही. अपवाद तीनच: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका. अनुभवी मुख्याध्यापक हे कलम अपवादांपासूनच वाचायला घेतात. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका प्रकरणात सांगितले होते, की निवडणुकीची कामे शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावीत. वरवर पाहता ही अडचण वाटते. पण ज्या दिवशी काम आहे, तोच दिवस सुट्टीचा म्हणून जाहीर केला तर अडचण उरत नाही.

या उपायाचा सर्वांत मोठा प्रयोग २०२५ मध्ये कर्नाटकात झाला. राज्य मागासवर्ग आयोगाचे सामाजिक व शैक्षणिक सर्वेक्षण, म्हणजे बोलीभाषेत जातगणना, २२ सप्टेंबरला सुरू झाले. ही दर दहा वर्षांची जनगणना नव्हे आणि निवडणूकही नव्हे. आपत्ती म्हणावी तर सरकारने तसे म्हटले नव्हते. तरी साठ प्रश्नांची यादी घेऊन दारोदार फिरायला प्रामुख्याने शिक्षकच निघाले. मुदत ७ ऑक्टोबरची होती. राजधानी बेंगळुरूत काम सुरू व्हायलाच ४ ऑक्टोबर उजाडला, त्यामुळे ते संपणार नाही हे पहिल्याच दिवशी स्पष्ट होते. मग मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी सरकारी व अनुदानित शाळांची सुट्टी १८ ऑक्टोबरपर्यंत वाढवली. दसऱ्याची सुट्टी २० सप्टेंबरलाच लागली होती, १९ ऑक्टोबरला रविवार आला आणि त्यापाठोपाठ दिवाळी. बुडालेले तास जादा वर्ग घेऊन भरून काढायचे ठरले. ते वर्ग घेणार कोण, हे सांगण्याची गरज कोणाला वाटली नाही.

बेंगळुरूत हे काम कसे चालले तेही नोंदण्यासारखे आहे. वीजमीटर वाचणाऱ्यांनी दारावर एक स्टिकर आधीच चिकटवलेला असतो. अॅप ते घर नकाशावर दाखवते, बहुधा पलीकडच्या गल्लीत. ते सापडले की गेटवर वॉचमन. वॉचमन वर फोन लावतो आणि शिक्षिका पिशवी पोटाशी धरून पार्सलवाल्यांच्या रांगेत उभी राहते. तिच्या मागून आलेली बिर्याणी तिच्या आधी लिफ्टमध्ये शिरते. दार उघडले तर ओटीपी हवा असतो. तो ज्या नंबरवर जातो तो नवऱ्याचा, आणि नवरा ऑफिसात मीटिंगमध्ये. मग जात, पोटजात, शिक्षण, उत्पन्न, जमीन, जनावरे. प्रश्न फार झाले असे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनाही वाटले. शहरात कोंबड्या-शेळ्यांची चौकशी करू नका, असे त्यांनी सुचवले. उत्तर देणे ऐच्छिक आहे, हे उच्च न्यायालयाने २५ सप्टेंबरलाच स्पष्ट केले होते. नारायण मूर्ती आणि सुधा मूर्ती यांनी त्यानुसार लेखी नकार दिला. सुधाताईंनी स्वतः याच शहरात संगणकशास्त्र शिकवले आहे. म्हणजे निदान एका दारावर शिक्षकाला शिक्षकानेच परत पाठवले. मराठा समाजाच्या घरांत मात्र अडचण कमी. पोटजात कुणबी आणि मातृभाषा मराठी लिहा, असे आवाहन समाजाच्या बैठकांत आधीच झाले होते. इतक्या तयारीने बसलेला विद्यार्थी शिक्षकाला वर्गात क्वचितच भेटतो.

याच ऑक्टोबरात, शाळांना टाळे असताना, शिक्षणमंत्री मधू बंगारप्पा यांनी दहावी उत्तीर्ण होण्याची अट ३५ वरून ३३ टक्क्यांवर आणली. आता ६२५ पैकी २०६ गुण पुरतात, मात्र प्रत्येक विषयात किमान ३० हवेत. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असे कोणी म्हटलेले नाही. शिकवण्याचे दिवस आणि उत्तीर्णतेचे गुण एकाच वेळी कमी व्हावेत, यातला समतोल मात्र दाद देण्याजोगा आहे.

शाळा भरते तेव्हाही शिक्षक मोकळा नसतो. कर्नाटकात सप्टेंबर २०२४ पासून अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या मदतीने मुलांना आठवड्यातून सहा दिवस अंडे मिळते. योजना उत्तमच आहे, तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. एका अंड्यामागे सहा रुपये मिळतात, आणि ते उकडण्या-सोलण्याचा खर्चही त्यातच बसवायचा असतो. बाजारात भाव चढला की फरक मुख्याध्यापकांच्या खिशातून जातो. नफा-तोट्याचे गणित शिकवण्यासाठी याहून जिवंत उदाहरण नाही. शिकवायला वेळ तेवढा हवा.

महाराष्ट्राने या विषयात अधिक शास्त्रशुद्ध काम केले आहे. मराठा आरक्षणासाठीचे सर्वेक्षण जानेवारी २०२४ मध्ये शिक्षकांकडूनही करवून घेतल्यावर, त्याच वर्षी २३ ऑगस्टला शासननिर्णय निघाला. त्यात शिक्षकांच्या कामांचे शैक्षणिक आणि अशैक्षणिक असे वर्गीकरण केले आहे. वर्गीकरणाचा फायदा असा, की काम तेच राहते, रकाना बदलतो आणि तक्रार निकाली निघते.

पुढचा कार्यक्रमही ठरलेला आहे. २०२७ च्या जनगणनेतली घरयादी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात, प्रत्येक राज्याने निवडलेल्या तीस दिवसांत करायची आहे. लोकांची प्रत्यक्ष मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. हा अपवाद कलम २७ मध्येच लिहिलेला असल्याने या वेळी हरकतीला जागा नाही. कर्नाटकातली दहावीची परीक्षा त्यानंतर मार्चच्या सुमारास येते. उजळणी फेब्रुवारीतच घ्यायची असते.