शिक्षण परिषदेत नवख्याने कसं वावरावं

पवित्र पोर्टलवरून निवड झाली, 16 हजारांचं मानधन सुरू झालं, की शिक्षणसेवकाला केंद्राच्या शिक्षण परिषदेचं बोलावणं येतंच. निपुण भारत, आदर्श पाठ, प्रशासकीय सूचना हे विषय वहीत नीट उतरवून घ्यावेत, वही कधीही तपासली जाते. परिषद मात्र खरी भरते ती चहाच्या वेळी, आणि तिथे कसं वागायचं हे डीएडला कुणी शिकवत नाही.

सुरुवात बसण्यापासून. पहिल्या रांगेत बसू नये, पुढच्या वेळचा आदर्श पाठ तिथल्याच कुणाच्या तरी गळ्यात पडतो. शेवटच्या रांगेत बदल्यांचं गणित चाललेलं असतं. तुमची शिक्षणसेवकाची तीन वर्षं व्हायची आहेत, तिकडे कान देऊन जिवाला त्रास करून घेऊ नये. मधे बसावं, पोर्टलवाल्या गुरुजींच्या शेजारी. त्यांना ओळखणं सोपं आहे. दर पाच मिनिटांनी कुणीतरी वाकून त्यांच्या कानात म्हणतं, "सर, ओटीपी येईना."

आता मुख्य काम: शेजारच्या शाळांचे मुख्याध्यापक. 1985 मध्ये बजाजचा कारखाना सुरू झाल्यापासून आपल्या या वाळूजच्या औद्योगिक पट्ट्यात माणसं येतात आणि जातात. कंत्राट संपलं की बाप खोली बदलतो. पोरगं दुसरीच्या वर्गातून उठून रांजणगाव शेणपुंजीहून जोगेश्वरीला जातं, कधी थेट हिंगोलीला, नाहीतर बिहारला. दाखला न्यायला कोण येतंय? तुमच्या पटावर नाव आहे, वर्गात पोरगं नाही. तिकडे वर्गात पोरगं आहे, पटावर नाव नाही. नव्या शाळेने पोर्टलवर विनंती टाकायची, जुन्या शाळेने ती मंजूर करायची. अनोळखी शाळेची विनंती पंधरा पंधरा दिवस लोंबकळते. सोबत चहा प्यालेल्यांची मधल्या सुट्टीत निघते.

म्हणून कप हातात आल्यावर आपलं शिक्षण, आपले उपक्रम सांगत बसू नये. समोरच्या मॅडम मोबाइलमधला वर्गाचा फोटो मोठा करून विचारतात, "हा तुमच्याकडे आलाय का हो? भुवईवर खोक आहे बघा. नाव विचारलं की आडनाव आधी सांगतो." बिस्किट बाजूला ठेवून नीट बघावं. अजेंड्यावर नसलेलं, पण अख्ख्या दिवसातलं शिक्षणाचं काम बहुधा एवढंच.

सीएसआरची गोष्ट जरा नाजूक. नफ्यातले 2 टक्के समाजकार्यावर खर्च करणं मोठ्या कंपन्यांना 2013 च्या कायद्याने भाग पडलं, तेव्हापासून कंपनीच्या माणसाचा नंबर हे गुरुजींचं गुप्तधन झालंय. तो मागू नये, कुणी देत नाही. त्याऐवजी ज्या शाळेला तिसरा वॉटर फिल्टर मिळतोय, तिथल्या मुख्याध्यापकांशी गोड बोलावं. त्यांना बेंच हवे असतात, फिल्टर कुठे ठेवायचा हीच त्यांची पंचाईत.

जेवणाला थांबावं. डबे उघडले की केंद्रप्रमुखसुद्धा माणसासारखे बोलतात.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिले काही महिने वाढदिवसाच्या शुभेच्छा पुरेत. "माहिती आजच, तातडीने" असा निरोप आला तरी सगळ्यांच्या आधी भरून पाठवू नये. तुम्हाला जमतं हे एकदा कळलं, की उरलेल्या शाळांची माहितीही तुमच्याकडेच येते.