काळा मग

आपल्या दिवाळीत सगळ्यांची सोय आहे. वसुबारस गाईवासरांची, पाडवा नवऱ्याचा, भाऊबीज भावाची. धनत्रयोदशीला यमासाठीसुद्धा एक दिवा लागतो. आठ वर्षं जुन्या, घरी न सांगितलेल्या प्रियकराला मात्र एकही तिथी नाही.

मी बारामतीची, तो इंदापूर तालुक्यातला, निमगाव केतकीच्या अलीकडचा. मधे भवानीनगर, लासुर्णे आणि दोन्हीकडची वडीलधारी मंडळी.

दिवाळीला काय हवं, म्हणून आडून आडून विचारलं. म्हणाला, "उसाला लवकर तोड मिळाली म्हणजे झालं." ही काही चंदेरी कागदात बांधून मिळत नाही. शर्ट घ्यावा, तर त्याची आई पहिल्यांदा विचारणार, "कुठनं आला?" अत्तर घ्यावं, तर डाळिंबाच्या फवारणीपुढे कुठलंही अत्तर हरतं.

मग एका दुकानात मला जादूचा मग दिसला. दिसायला साधा, काळाकुट्ट. गरम चहा ओतला की काळा रंग विरतो आणि फोटो दिसतो. चहा निवला की पुन्हा काळा. आठ वर्षं आमचंही हेच चाललेलं. मी भारावले. फोटो कुंभारगावचा निवडला : मागे उजनीचं पाणी, पाण्यात फ्लेमिंगो, पुढे त्याच्या खांद्यावर माझं डोकं. वर एक ओळ हवी होती. मोरोपंतांनी बारामतीत राहून म्हणे १०८ रामायणं लिहिली; त्याच गावच्या मला तासाभरात सुचलं ते 'फक्त तुझीच'.

बारामती स्टँडवर त्याच्या हातात खोकं दिलं. जादूचं काही बोलले नाही. रात्री चहा ओतेल, चकित होईल, फोन करेल.

रात्री फोन आलाच. "मग झ्याक हाय. ताक लई मावतं."

तेव्हा आठवलं. हा माणूस चहा पीत नाही. आठ वर्षांत माझ्यासमोर एक कप प्यायला नव्हता, आणि मी त्याला चहाचा मग दिला होता. आता सांगावं तर मजा जाणार, म्हणून गप्प बसले. तीन दिवस आमचं प्रेम थंड ताकाखाली दडून राहिलं.

पाडव्याला त्याच्याकडे पाहुणे आले. कप कमी पडले. त्याच्या आईने फडताळातला काळा मग काढला, विसळला आणि उकळता चहा ओतून थेट थोरल्या चुलत्यांच्या हातात दिला.

पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं देऊळ जसं उजनीतून हळूहळू वर येतं, तशी मी वर आले. आधी फ्लेमिंगोंचे पाय, मग माझी वेणी, मग त्याचा खांदा. चुलत्यांनी चष्मा पुसला. 'फक्त तुझीच' मोठ्यांदा वाचलं. मग म्हणाले, "पक्षी चांगले आल्यात."

हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर त्याच्या आईने शेजारपाजारच्या बायकांना दाखवायला इतक्यांदा उकळतं पाणी ओतलं आणि तारेच्या घासणीने मग इतका घासला, की फोटोतलं त्याचं तोंड पार निघून गेलं. मी आणि फ्लेमिंगो तेवढे शाबूत.

भाऊबीजेनंतर तो बारामतीला आला. हातात कारखान्याच्या दिवाळीच्या साखरेची पिशवी.

"आईनं दिलीय," तो खाली बघत म्हणाला. "इचारलंय, चहा करता येतो का?"