ट्रम्पेट कुणाचा?

"वहिनी, बंद करू नका, वाजू दे!"

कढीपत्ता खुडताना मोबाइलवर 'अलबेला'तलं 'दीवाना परवाना' लावलं होतं. पलीकडून अंकल तसेच बनियनवर कुंपणाशी आले. वसईला राहायला आल्यापासून पाहतेय, मासळी महागली म्हणून हा माणूस कधी बाहेर येत नाही. पण जुनं ट्रम्पेट ऐकलं की हातातलं काम टाकून येतो.

"कुणाचं आहे, सांगा बघू."

"सी. रामचंद्रांचं. आमच्या अण्णांचं. पुणतांब्याचे ते."

"गाणं अण्णांचं, कबूल. ट्रम्पेट कुणाचा?"

मी गप्प. म्हणजे अंकलना अर्धा तास मिळाला.

"चिक चॉकलेट! खरं नाव अँटोनिओ झेवियर वाझ, आमच्या गोव्यातल्या हळदोण्याचा, जन्म १९१६चा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आणि या गाण्यात तो नुसता ऐकू येत नाही, दिसतोसुद्धा. आख्खा बँड पडद्यावर आहे, झालरीझालरीचे शर्ट घालून."

"ते होय! मला वाटायचं एक्स्ट्रा असतील."

अंकलना हे लागलं. "एक्स्ट्रा? ताजमध्ये साहेबलोक ज्याच्या तालावर नाचायचे तो एक्स्ट्रा?"

मग ताज निघालं. ते निघणारच होतं. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी नावाचा अमेरिकेतला कृष्णवर्णी व्हायोलिनवाला आपला बँड घेऊन तिथे आला, तेव्हापासून मुंबईला जॅझचं खरं वेड लागलं. मागून टेडी वेदरफर्ड आला. पियानोवर त्याचा डावा हात असा चालायचा म्हणे, की बाकीच्यांनी नुसतं बघत बसावं. त्याच्या बँडमध्ये आपला कुडचड्याचा फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवत होता. टेडी १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्यानं गेला. आणि मिकी कोरेआ? जन्म मोंबासाचा, वाढला कराचीत, बँड चालवला ताजमध्ये, तोही वीसेक वर्षं!

"हे सगळं तुम्ही पाहिलंत?" मी मुद्दाम विचारलं.

"कुठचं! आत जायला सूट लागायचा, आणि सूट घ्यायला पैसे. मामा सांगायचा. तो सॅक्सोफोन वाजवायचा. ताजात नव्हे हां, लग्नांत. राहायचा धोबी तलावला, गावाच्या कुडीत."

कूड काय असते ते मला गिरगावात वाढल्यामुळे ठाऊक होतं. एकेका गावाची एकेक खोली, भिंतीला ट्रंका लावलेल्या, कोपऱ्यात सायबाची वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी म्हणायची आणि रात्री जागा मिळेल तिथे अंग टाकायचं. बोटीवरचे खलाशी, आचारी आणि हे वाजवणारे, सगळे तिथेच.

"पण एवढे सगळे वाजवणारे तुमच्याच गावांत कसे हो पिकले?"

"चर्चच्या शाळेमुळे. पोर्तुगीज अमदानीत पॅरिशच्या शाळेत पोराला अक्षराबरोबर सोल्फेज शिकवायचे. लिहिलेलं सुरांत वाचता आलंच पाहिजे, नाहीतर मास्तरांची छडी. मिस्साला व्हायोलिन वाजवणारं पोरगं मुंबईत आलं की रात्री फॉक्सट्रॉट वाजवायला मोकळं. कागद समोर आला की झालं."

हाच कागद पुढे सिनेमावाल्यांना हवा होता. स्वातंत्र्य आलं, साहेब गेले, मागोमाग मुंबईत दारूबंदी आली. दारूशिवाय नाचायला कोण येणार? हॉटेलांतलं काम आटलं आणि स्टुडिओंतलं वाढलं. संगीतकार पेटी घेऊन चाल गुणगुणणार, आणि शेजारी बसलेला गोंयकार ती पाच रेघांवर उतरवून व्हायोलिनला काय, ट्रम्पेटला काय, चेलोला काय, सगळ्यांच्या वाटण्या करून देणार. सेबॅस्टियन डिसोझा फाळणीआधी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवायचा, तो इकडे येऊन शंकर-जयकिशनचा उजवा हात झाला. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचा. त्यानं प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. १९५८ साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात त्यानं आपला मोठा ऑर्केस्ट्रा उभा केला, हिंदुस्थानी राग आणि सिंफनी एकत्र. लताबाई आणि मन्ना डे गायला होते! आणि लोकांना तो माहीत कशामुळे? १९७७ साली अमिताभ अंड्यातून बाहेर येऊन त्याचं नाव घेतो म्हणून.

"प्यारेलालनी गुरूची आठवण ठेवली, हेही थोडं नाही," मी म्हटलं.

"ठेवली की. पण रेकॉर्डवर पाहा. संगीतकाराचं नाव, गाणाऱ्याचं नाव. ज्यानं रात्र जागून कागद लिहिले त्याचं?"

इथे मात्र मी अण्णांची बाजू घेतली. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. म्हटलं, "अहो अंकल, तुमचा चिक ताजच्या बॉलरूममध्ये राहिला असता तर माझ्या वडिलांना कधी ऐकू आला असता? धोतरात कोण आत घेणार होतं त्यांना? अण्णांनी त्याला गिरगावातल्या स्वस्त तिकिटावाल्यांपुढे आणून बसवला. आणि भगवानदादांनी त्यावर जे पाय हलवले, ते अजून गणपतीत हलताहेत. तुमच्या साहेबांचा फॉक्सट्रॉट कुठल्या मिरवणुकीत दिसतो का?"

अंकल हसले. "हे बरोबर. पण तुमच्या अण्णांचं ते 'समाधी'तलं 'गोरे गोरे' माहीताय? एडमंडो रॉसच्या रेकॉर्डवरून उचललंय ते."

"मग? उचलून बसवायलाही कान लागतो. आणि त्यांना ती रेकॉर्ड ऐकवली कुणी असेल? तुमच्याच बँडवाल्यांनी ना?"

यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. माझं मत विचाराल तर चोरीबिरी हे सगळं नंतरच्या लोकांचं. एका खोलीत हार्मोनियमवाला, ढोलकीवाला, पारशी अ‍ॅकॉर्डियनवाला आणि चार गोंयकार बसले की कोणाचं काय ते सांगणं कठीण. पाटीवर मात्र सगळ्यांची नावं हवी होती, तेवढं अंकलचं खरं.

मी विषय बदलला. "ते ख्रिस पेरी आणि लोर्नाचं नक्की काय होतं हो? त्यांच्यावर कोंकणी सिनेमा निघाला ना, 'नाचुंया कुंपासार'?"

"चर्चगेटला अ‍ॅस्टोरिया हॉटेलात व्हेनिस म्हणून जागा होती, तिथे वाजवायचे. तो ट्रम्पेटही फुंकायचा आणि सॅक्सोफोनही. आणि ती गायला उभी राहिली की हातातला घास हातात."

"ते झालं. पण मग बिनसलं कशानं?"

"वहिनी, ते त्यांचं त्यांना ठाऊक. ती वीसेक वर्षं गायली नाही आणि १९९५ साली परत आली, एवढं मला पुरे आहे."

आतून ह्यांचा आवाज आला, "काहीतरी जळतंय!" मी म्हटलं, गॅस बंद करा. ह्यांना गॅस बंद करता येतो, ह्यांना तेवढं सांगावं लागतं.

"आणि चिकचं पुढे काय झालं?"

"काय व्हायचं?" अंकलचा आवाज उगाच चढला. "जेमतेम पन्नाशीचा होता हो. वाजवण्याच्या भरात असतानाच गेला!"

तेवढ्यात रस्त्यानं बाजारातून परतणाऱ्या मावशी थबकल्या. डोक्यावर पदर घेऊन फाटकाशी आल्या. "कोण गेलं? आपल्या गल्लीतला का? कधी नेणार?"

"१९६७ सालीच नेलं, मावशी," मी म्हटलं.

मावशींनी पदर खाली घेतला, पिशवी कठड्यावर ठेवली आणि कुंपणाला टेकल्या. "असं होय. मग पहिल्यापासून सांगा, मला काही घाई नाही."