तळ्याचे ग्रंथालय : एक सर्वसुविधायुक्त आराखडा

ग्रंथालय म्हणजे नुसती पुस्तकांची खोली नव्हे, गावाची एकत्र बसण्याची जागा, असे हल्ली जाणकार सांगतात. मग रायगड जिल्ह्यातल्या तळ्याने मागे का राहावे? तालुक्याचे ठिकाण आहे, नगरपंचायत आहे, डोक्यावर तळगड आहे. म्हणून कुणीही न सांगता आम्ही आराखडा तयार केला आहे. मानधन नको, भूमिपूजनाच्या पत्रिकेत नाव तेवढे छापा.

नमुना हेलसिंकीच्या ‘ओडी’चा. डिसेंबर 2018 मध्ये उघडलेल्या त्या ग्रंथालयात पुस्तकांच्या जोडीला शिवणयंत्रे आहेत, स्वयंपाकघरसुद्धा आहे. आम्ही त्यातली फक्त काच उचलली आहे, कारण फोटोत तीच येते. कोकणातल्या पावसात ती गळेल ही शंका विघ्नसंतोषी लोकांची. जूनमध्ये ताडपत्री टाकू.

दारातच लाल बदामाचा सेल्फी पॉइंट. पुढे ज्येष्ठांचा कट्टा. ज्येष्ठ सध्या एस.टी. स्टँडवर नाहीतर देवळाच्या पायरीवर पेपर वाचत सरकारचा निकाल लावतात. इथे मात्र त्यांनी चपला बाहेर काढाव्यात, वहीत नाव, वेळ, सही करावी आणि ‘शांतता राखा’ या पाटीखाली मनमोकळ्या गप्पा माराव्यात. महिलांसाठी राखीव वेळ दुपारी 1 ते 4. ग्रंथालय बंद राहण्याची वेळही तीच, पण दोन्ही ठराव एकमताने मंजूर होतील. बालविभागातली पुस्तके मुलांच्या हाती लागून खराब होऊ नयेत म्हणून काचेच्या कपाटात. कपाटाची किल्ली अध्यक्षांकडे, अध्यक्ष मुंबईला. गणपतीत येतात.

कोनशिला अर्थातच सर्वांत आधी. ही परंपरा इथली जुनीच आहे. जवळच्या कुड्याच्या 26 लेण्यांत दोन हजार वर्षांपूर्वीच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत वैद्य आहे, माळी आहे, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी आहे, शिवभूती नावाच्या लेखकाचा धाकटा भाऊही आहे. बसायला दगडी बाक, प्यायला पाण्याची टाकी अशी सोयही आहे. फरक इतकाच, की त्या मंडळींनी आधी पदरचे पैसे दिले आणि मग नाव कोरले. आम्ही त्यातला पहिला टप्पा वाचवला आहे.

राहता राहिला ग्रंथपाल. आराखड्यात त्याच्यासाठी फिरती खुर्ची आहे, पगाराचे कलम नाही. शासनाचे धोरण तरी कुठे वेगळे आहे? 2022 साली सार्वजनिक ग्रंथालयांचे अनुदान 60 टक्क्यांनी वाढले, तेव्हा ‘ड’ वर्गाच्या एका ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाकाठी 48 हजार रुपये आले. त्यातले निम्मे वेतनासाठी, म्हणजे महिन्याला 2 हजार. एवढ्यात माणसाने कुलूप उघडावे, झाडू मारावा, नोंदी ठेवाव्यात, परीक्षेच्या पोरांना पुस्तक शोधून द्यावे, आजोबांचे गाऱ्हाणे ऐकावे आणि वर गावाची वाचनसंस्कृती टिकवावी. काचेच्या एका तावदानालाही याहून जास्त पैसे पडतील.

गाव एकत्र येते ते कुणी दार उघडून, पंखा लावून ‘या, बसा’ म्हणते म्हणून. तेव्हा आमचा हा आराखडा खुशाल फेटाळा. जुनी खोली, साधी बाके आणि पत्र्याचे छप्पर चालेल. फक्त संध्याकाळी रोज दार उघडणारा माणूस नेमा आणि त्याला पोटापुरता पगार द्या. काचेचे पुढच्या निवडणुकीला बघू.