पाऊस तेवढा राहू द्या

कथालेखन कार्यशाळेत थोडा मुरलेला लेखक पुनर्लेखन करतो म्हणजे ‘खूप’च्या जागी ‘अतिशय’ घालतो. तिसऱ्या खर्ड्यात नायिकेचं नावही बदलतं. पहिल्या परिच्छेदातला पाऊस मात्र हटत नाही.

अशांना हमखास अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरचा दाखला मिळतो. संपादक गॉर्डन लिशने त्याच्या १९८१च्या संग्रहाचा निम्म्याहून अधिक मजकूर छाटला. पुस्तक निघण्याआधी कार्व्हरने पत्र लिहून छपाई थांबवण्याची विनवणी केली होती, हे (सोयीस्करपणे) गाळलं जातं. छाटलेली एक कथा त्याने १९८३च्या ‘कथीड्रल’मध्ये पुन्हा ऐसपैस छापली. मूळ खर्डे ‘बिगिनर्स’ नावाने यायला २००९ उजाडलं. तोवर कार्व्हर हयात नव्हता.

माना डोलतात. मग कुणीतरी भीतभीत पाऊस काढायला सुचवतं.

‘तो प्रतीक आहे,’ लेखक म्हणतो.